फिलेची सुरी : पाते, पोलाद आणि धार

फिले म्हणजे काय

माशाच्या मधल्या काट्यापासून सलग सुटा केलेला मांसाचा पट्टा म्हणजे फिले. कोकणात आणि गोव्यात मासा बहुधा आडवा कापून त्याच्या तुकड्या करतात. काटा तुकडीतच राहतो आणि कालवणाला चव देतो. फिले काढताना मात्र कापण्याची दिशाच बदलते. सुरी काटा तोडत नाही, त्याला लागून डोक्याकडून शेपटीकडे सरकते. पाते किती पातळ असावे, किती लवावे, पोलाद किती कठीण असावे आणि धारेचा कोन किती ठेवावा, हे सगळे या एका फरकातून ठरते.

कोयता, विळी आणि ही सुरी

मासळी बाजारातला कोयता जड असतो. अनेकदा तो लोहाराने मोटारीच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला असतो, आणि वजनाच्या जोरावर सुरमईचा मधला काटा एका घावात तोडतो. विळीचे पाते स्थिर असल्याने मासा दोन्ही हातांत धरून हवा तसा फिरवता येतो. पर छाटणे, पोट फाडणे, बोंबील चिरणे ही कामे तिच्यावर झटपट होतात. दोन्ही हत्यारे आपापल्या कामात उत्तम आहेत, पण त्यांची पाती जाड व ताठ असल्याने काट्याच्या चढउताराप्रमाणे ती वळत नाहीत, आणि काट्याला बरेच मांस चिकटून राहते. उलट, फिलेच्या सुरीने काटा तोडायला गेल्यास तिची पातळ धार जागीच दुमडते किंवा तिचा टवका उडतो.

पाते

फिलेच्या सुरीचे पाते साधारण १५ ते २३ सेंटिमीटर लांब, सुमारे दोन सेंटिमीटर रुंद आणि टोकाकडे निमुळते होत जाणारे असते. लांबी माशावर ठरते. बांगड्याला १५ सेंटिमीटर पुरतात. रावस किंवा जिताड्यासाठी २० सेंटिमीटरचे पाते सोयीचे, कारण एका लांब ओढीत कापलेले मांस गुळगुळीत सुटते आणि पुनःपुन्हा घासल्याने येणाऱ्या पायऱ्या पडत नाहीत. लवचिकतेचेही तसेच आहे. पापलेटसारख्या चपट्या माशात काटा आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थर पातळ असतो. तेथे लवणारे पाते काट्यावर टेकून चालते. मोठ्या घोळीसाठी किंवा सुरमईसाठी थोडे ताठ पाते हवे, नाहीतर ते घट्ट मांसात भरकटते. एकच सुरी घ्यायची असल्यास १८ सेंटिमीटरच्या आसपासची, मध्यम लवणारी घेणे शहाणपणाचे.

पोलाद

स्वस्त सुरीवर कोरलेल्या ‘स्टेनलेस स्टील’ या शब्दांवरून सुरीचा दर्जा कळत नाही. ताट-वाट्यांचे पोलादही स्टेनलेसच असते. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, पण ते तापवून पाणी दिल्याने कठीण होत नाही आणि त्याला धार टिकत नाही. सुरीच्या पोलादात कार्बन पुरेसा लागतो. स्वीडनच्या १२सी२७ या पोलादात तो सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम सुमारे १३.५ टक्के असते. जर्मन पद्धतीच्या स्वयंपाकघरातील सुऱ्यांत हे प्रमाण सुमारे ०.५ आणि १५ टक्के असते. दुकानात पोलादाची रासायनिक परीक्षा शक्य नसते, पण लोहचुंबकाची सोपी चाचणी करता येते. भांड्यांच्या पोलादाला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, कठीण होणाऱ्या पोलादाला घट्ट चिकटतो. चुंबक चिकटला म्हणजे सुरी चांगलीच, असे मात्र नाही, कारण कठीण न होणारी काही पोलादेही चुंबकाला चिकटतात. न चिकटल्यास ती सुरी निःशंकपणे बाजूला ठेवावी.

फिलेच्या सुरीचा कठीणपणा रॉकवेल मापावर बहुधा ५४ ते ५८ असतो. साठीच्या पुढचे जपानी पोलाद धार जास्त काळ धरते, परंतु पातळ पात्यात ते ठिसूळ ठरते आणि काट्यावर आदळले की त्याचा टवका उडतो. मऊ पोलादाची धार अशा वेळी फक्त दुमडते आणि पुन्हा सरळ करता येते. म्हणूनच या एका कामासाठी मध्यम किमतीचे पोलाद महागड्या पोलादापेक्षा खरोखर अधिक योग्य आहे. कमी पैशांत उत्तम सुरी मिळण्याची शक्यता येथेच आहे.

पैसे कोठे घालावेत

फिनलंडमधील रोव्हानिएमीच्या मार्तीनी कारखान्याने रापाला कंपनीसाठी १९६७ पासून बनवलेली, बर्च लाकडाच्या मुठीची सुरी अजूनही या प्रकाराचा नमुना मानली जाते, आणि ती चैनीची वस्तू नाही. स्वीडनच्या मोरा आणि स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स यांच्या प्लास्टिक मुठीच्या साध्या सुऱ्याही त्याच पठडीतल्या. मूठ ओल्या, चिकट हातात न घसरणारी असली की पुरे. शोभेची नक्षी, लाटालाटांचे पाते आणि लाकडी पेटी यांवर खर्च होणारा पैसा कापण्याच्या उपयोगाचा नसतो. तो वाचवून धार लावण्याच्या दगडावर घालावा. चांगली सुरी पण दगड नाही, अशा घरात काही महिन्यांत फक्त बोथट सुरी उरते; साधी सुरी आणि चांगला दगड असेल तर तसे होत नाही.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी तपासाव्यात. पाते हलक्या हाताने वाकवून सोडल्यावर ते पूर्ण सरळ व्हायला हवे. आणि मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहिल्यास धारेची रेषा पिळलेली दिसता कामा नये, कारण पिळलेले पाते दगडावर कधीच सगळीकडे सारखे टेकत नाही.

धार आणि कोन

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. नीट लावलेल्या धारेची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास असते, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. वापरात ही रेषा दुमडते, झिजते आणि गोलसर होते. फिलेच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंशांचा कोन मानवतो. त्याहून बारीक कोन काट्यावर टिकत नाही; २० अंशांचा कोन टिकाऊ असतो, पण कातडी आणि मांस यांच्यामधून जाताना सुरी जड वाटू लागते.

कोन मापायला साधन लागत नाही. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून पाच मिलिमीटर उचलली की कोन १५ अंशांचा होतो, सात मिलिमीटर उचलली की जवळपास २० अंशांचा. म्हणजे हात फक्त दोन मिलिमीटर वर गेला तरी पाच अंशांचा फरक पडतो. साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या भाजीच्या सुरीत तेवढ्याच चुकीने अडीच अंशच बिघडतात. अरुंद सुरीला धार लावणे अवघड जाते ते यामुळे. सुरुवातीला पाच मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी दगडाशेजारी ठेवून उंची अधूनमधून ताडून पाहिल्यास हाताला सवय होते.

दगड, पेपर आणि कप

हार्डवेअरच्या दुकानातला दुतोंडी कार्बोरंडम दगड कोयत्या-विळीसाठी योग्य आहे, पण त्याची बारीक बाजूही या सुरीला भरडच पडते. पाण्यावर चालणारा १००० क्रमांकाचा दगड हा यावरचा सरळ उपाय. तोही परवडत नसेल तर ओला करून वापरायचा पॉलिश पेपर जाड काचेवर ताणून चिकटवावा. येथे क्रमांकांचा घोटाळा टाळायला हवा. जपानी दगडावरील १००० म्हणजे सुमारे १२ ते १५ मायक्रॉनचे कण. पेपरवरील पी-१००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन आणि पी-२००० म्हणजे सुमारे १० मायक्रॉन. त्यामुळे पेपर वापरताना पी-२००० पर्यंत जावे लागते. अगदीच काही नसताना चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली खरखरीत कड कामाला येते, कारण भाजलेली चिनी माती पोलादापेक्षा कठीण असते.

याहून बारीक दगडांची गरज क्वचितच भासते. १००० वर लावलेल्या धारेला अतिसूक्ष्म दाते राहतात आणि माशाची निसरडी कातडी त्यांनाच अडते; आरशासारखी घासलेली धार कातडीवरून घसरू शकते.

धार लावण्याची पद्धत

दगड ओला करून ओल्या फडक्यावर ठेवतात, म्हणजे तो सरकत नाही. लवणाऱ्या पात्याची अडचण अशी, की मुठीकडून दाब दिल्यास ते मध्येच वाकते आणि ठरवलेला कोन हरवतो. म्हणून दुसऱ्या हाताची बोटे दगडावर टेकलेल्या भागाच्या बरोबर वर, पाठीजवळ ठेवून हलका दाब द्यावा लागतो, आणि टाच, मध्य व टोक असे तीन भाग करून काम करावे लागते. टोकाकडे पाते वळते तेथे मूठ किंचित उचलावी, नाहीतर टोक बोथट राहते. पेपरवर सुरी फक्त पाठीच्या दिशेने ओढावी. धारेच्या दिशेने ढकलल्यास पेपर कापला जातो.

एका बाजूने पुरेसे घासल्याची खूण म्हणजे दुसऱ्या बाजूला धारेच्या काठावर उमटणारी पोलादाची सूक्ष्म किनार; कारखान्यांत तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवला की ती बोटाला अडते. टाचेपासून टोकापर्यंत ती सलग लागेपर्यंत बाजू बदलू नये. घरी लावलेली धार फसते ती बहुतेक वेळा या पायरीवरच. मग दुसरी बाजू तितकीच घासून, दाब कमी करत, एकाआड एक हलक्या ओढींनी बर झिजवतात. उरलीसुरली बर जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर पाठीच्या दिशेने ओढल्याने निघते. पिकलेल्या टोमॅटोची साल नुसत्या वजनाने कापली गेली, तर माशाची कातडीही कापली जाईल.

धारवाला आणि ओढायचे साधन

सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला कोयत्याला आणि विळीला झटपट धार देतो. फिलेच्या सुरीसाठी मात्र ते चाक भरड असते, आणि आधीच अरुंद असलेल्या पात्याची रुंदी प्रत्येक फेरीत कमी होते. विजेच्या कोरड्या सहाणेवर धार तापते. काठावर निळसर छटा दिसली म्हणजे तापमान फार वाढले आणि तेवढ्या भागातला कठीणपणा उतरला. फटीतून ओढायच्या स्वस्त साधनात धार खरवडली जाते, घासली जात नाही. कोन ठरलेला असतो आणि काठ फाटका राहतो. आणीबाणीत चालेल, सवय म्हणून नाही.

जपणूक

समुद्राच्या मासळीतले मीठ स्टेनलेस पोलादालाही सूक्ष्म खड्डे पाडते, आणि ते धारेवर पडले की दिसण्याआधीच कापणे बिघडते. काम संपताच सुरी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून ठेवावी. ओल्या चामडी म्यानात ठेवू नये. लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळीवरच कापावे, कारण काच आणि ग्रॅनाइट धार क्षणात मोडतात. बर्फाने कडक झालेला मासा सुटल्याशिवाय या सुरीने कापू नये. दर वेळी चामड्यावर पाच-सहा ओढी दिल्यास दगडाची गरज बऱ्याच मासळीनंतरच पडते. वर्षानुवर्षांच्या घासणीने पाते अरुंद होते आणि धारेमागचा भाग जाड होत जातो. मग धार लागूनही सुरी मांसात अडखळते. अशा वेळी पाते दगडावर जवळजवळ आडवे धरून, धारेच्या मागचा सगळा उतार ४०० क्रमांकाच्या दगडावर पातळ करून घ्यावा लागतो.