वजन कमी करायचे : शस्त्रक्रियेने की दिनचर्या बदलून?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भात, नाचणी आणि वरई पिकवणारी आदिवासी गावे आहेत, तर पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो आणि कांदा घेणारा बागायती पट्टा. पश्चिमेकडील आश्रमशाळेच्या शिक्षकाला मुलांचे वजन वाढत नाही ही काळजी असते. मंचर-नारायणगावकडच्या शिक्षकाला कदाचित स्वतःचे वजन उतरत नाही ही काळजी असेल. देशाचे चित्रही असेच दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचे जास्त होते.

जास्त वजनावर आता शस्त्रक्रियेचा उपायही उपलब्ध आहे. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांतून बराच गाजला. त्याबद्दल दोन मते हमखास ऐकू येतात. एक, ‘ज्याला तोंडावर ताबा ठेवता येत नाही त्याचे हे काम’. दुसरे, ‘एकदा ऑपरेशन केले की कायमची सुटका’. ही दोन्ही मते चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे समजले, तर निर्णय कसा घ्यायचा तेही समजेल.

वजन जास्त म्हणजे किती?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय हा निर्देशांक मिळतो. पाश्चात्त्य देशांत २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी या मर्यादा २३ आणि २५ अशा खाली आणल्या आहेत. त्याचे कारण समजून घेण्यासाठी पुण्यात झालेले संशोधन उपयोगी पडते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होते! त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदच्या दशकात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की इंग्लंडमधील बाळांच्या मानाने इथली बाळे बरीच हलकी असली तरी त्यांच्यातील मेद त्या प्रमाणात कमी नसतो. कमी असतात ते स्नायू. म्हणून आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह गाठतो. बीएमआयच्या जोडीने पोटाचा घेर मोजायचा तो यासाठीच. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर ही धोक्याची सूचना मानली जाते.

शिवनेरीचा हिशेब

‘व्यायाम करा, वजन उतरेल’ हा सल्ला आपण पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने तपासून पाहू. जुन्नर गावातून शिवनेरीचा माथा सुमारे ३०० मीटर उंच आहे. ८० किलो वजनाच्या माणसाला तेवढे चढण्यासाठी ८० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे २,३५,००० ज्यूल कार्य करावे लागते. हे झाले ५६ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे एक-चतुर्थांश धरली, तर प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. एक वडापाव खाल्ला की साधारण तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्तच, परत मिळतात. दिवसाला दोन-दोन चमचे साखरेचे सहा कप चहा घेतले, तर सुमारे ६० ग्रॅम साखरेतून २४० किलोकॅलरी पोटात जातात.

एक किलो मेदपेशीजालात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे एक किलो उतरवायला चौतिसेक वेळा शिवनेरी चढावा लागेल, आणि तोही वडापाव न खाता. व्यायाम निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. हृदय, स्नायू आणि रक्तातील साखर यांसाठी तो फार मोलाचा आहे. पण वजन मुख्यतः ताटात ठरते.

शरीर वजन सोडत का नाही?

ताटात कपात केली तर वजन उतरते, हे कोणीही करून पाहू शकतो. खरी अडचण त्यानंतर येते. शरीराच्या दृष्टीने घटते वजन हे दुष्काळाचे लक्षण असते. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते आणि ‘साठा संपत चालला’ असा निरोप मेंदूला मिळतो. रिकाम्या जठरातून स्रवणारे घ्रेलिन वाढते आणि भूक प्रखर होते. शिवाय शरीर विश्रांतीतील उष्मांकांचा खर्चही कमी करते.

ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार देऊन केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरल्यानंतर एक वर्ष लोटले तरी त्यांची भूक वाढवणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे कमी केलेले वजन पुन्हा वाढणे हा केवळ इच्छाशक्तीचा पराभव नसतो. त्यामागे लाखो वर्षांत घडलेली शरीराची संरक्षक यंत्रणा असते. म्हणूनच पहिले मत चुकीचे ठरते.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

अमेरिकेतील एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात, हे शल्यविशारदांच्या लक्षात आले होते. आज मुख्यतः दोन प्रकार प्रचलित आहेत आणि दोन्ही दुर्बिणीतून करता येतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून उरलेल्याची बाहीसारखी नळी ठेवतात. ‘बायपास’ प्रकारात जठराची छोटी पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

पूर्वी असे समजत, की जठर लहान झाल्याने खाणे कमी होते आणि म्हणून वजन उतरते. पण ते तेवढेच नाही. अन्न लहान आतड्यात लवकर पोचल्याने तिथून जीएलपी-१ सारखी तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके जास्त स्रवतात. घ्रेलिनही, विशेषतः स्लीव्हनंतर, घटते. नुसत्या आहारनियंत्रणात भूक वाढते, पण शस्त्रक्रियेनंतर ती उलट मंदावते. सध्या चर्चेत असलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनेही जीएलपी-१ चेच काम करतात. २०२१ सालच्या चाचणीत त्यांनी ६८ आठवड्यांत सुमारे १५ टक्के वजन उतरले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आले.

दहा वर्षांनंतर काय?

टिकाऊपणा पाहायचा तर दीर्घ काळ चाललेले अभ्यास हवेत. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या आणि तितक्याच न झालेल्या लठ्ठ व्यक्तींची तुलना झाली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनंतर ती घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात दोन टक्क्यांपलीकडे फरक पडला नाही. मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रियेच्या गटात कमी होते. (हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.) पण आधी मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी त्यातून मुक्त होते, तर दहा वर्षांनी फक्त ३६ टक्के. म्हणजे ‘कायमची सुटका’ हे दुसरे मतही टिकत नाही.

आता दिनचर्येतील बदलाकडे पाहू. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोकांना सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. सरासरी घट जेमतेम साडेपाच किलोंची झाली. पण मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास त्याहून बोलका आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींपैकी तीन वर्षांत नेहमीच्या गटातील ५५ टक्के, तर आहार-व्यायाम सुधारलेल्या गटातील ३९ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. आणि या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेलेच नव्हते! काटा हलला नाही म्हणून प्रयत्न फुकट गेला, असे समजू नये.

शस्त्रक्रियेची किंमत

कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेसारखे धोके इथेही आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण हजारी तीन होते. त्याहून जास्त लोकांना भिडणारा प्रश्न पोषणाचा आहे. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांचे शोषण घटते. आपल्याकडे हा प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण याज्ञिकांच्याच गटाला २००६ साली पुणे आणि परिसरातील पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले होते. शाकाहारी, माळकरी कुटुंबातील व्यक्तीने हे आधीच तपासून घ्यायला हवे. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी जन्मभर करावी लागते. स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे. शस्त्रक्रियेसाठी एकदा जाणे जमेल. पुढची वीस वर्षे तपासणीला जाणे जमेल का, हा प्रश्न आधी विचारावा.

निर्णय कसा घ्यावा?

दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ. एक शिक्षिका, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६६ किलो. बीएमआय २५.८, रक्तातील साखर किंचित वाढलेली. त्यांना तीन-चार किलोंची घट, रोजचे चालणे, चहातील साखर कमी करणे आणि ताटात भाकरी-भाताच्या जोडीने उसळ-भाजी वाढवणे एवढे पुरेसे ठरू शकते. त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचारही अप्रस्तुत आहे.

दुसरे एक शेतकरी, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११० किलो, बीएमआय ४०. सहा वर्षांचा मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे. दोनदा आठ-आठ किलो उतरवले, दोन्ही वेळा परत आले. सात टक्के घट झाली तरी ते १०२ किलोंवर राहतील. २५ टक्के झाली तर ८२-८३ किलोंवर येतील. त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर तो पळपुटेपणा नव्हे.

पूर्वीच्या भारतीय शिफारशींत शस्त्रक्रियेसाठी बीएमआयची मर्यादा ३७.५, आणि मधुमेहासारखा विकार सोबत असल्यास ३२.५ होती. २०२२ साली शल्यविशारदांच्या दोन मोठ्या संघटनांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली. परंतु ‘पात्र’ असणे म्हणजे ‘आवश्यक’ असणे नव्हे. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : माझा कोणता आजार यामुळे सुधारणार आहे? आहार, व्यायाम आणि औषधे यांचा नीट, देखरेखीखाली प्रयत्न झाला आहे का? आणि नंतरची तपासणी कोण, कुठे करणार? शस्त्रक्रिया झाली तरी आहार-व्यायाम सुटत नाही. शस्त्रक्रियेने भुकेशी चाललेले भांडण सौम्य होते आणि नवी दिनचर्या पेलवते. म्हणून हे दोन उपाय एकमेकांचे शत्रू नाहीत. दिनचर्या सर्वांसाठीच आहे आणि शस्त्रक्रिया मोजक्यांसाठी, तीही दिनचर्येच्या जोडीने.

शिक्षकांनी एक पथ्य मात्र जरूर पाळावे. इथे दिलेल्या मर्यादा प्रौढांच्या आहेत. वाढत्या मुलांना त्या लागू पडत नाहीत. वर्गात बीएमआयचे गणित जरूर घ्यावे, पण काल्पनिक आकडे घेऊन. कोणाचे खरे वजन फळ्यावर लिहू नये. ज्या शरीराशी त्या मुलाला पुढे जन्मभर जुळवून घ्यायचे आहे, त्याची लाज वाटायला आपल्या वर्गात सुरुवात होऊ नये.