मेंदूतले पावणेदोन लाख किलोमीटर

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं. मंगळूरमध्ये झालेल्या पाहणीत मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूच्या आजाराचं, म्हणजे एमएसचं, प्रमाण लाखात सुमारे 8 निघालं होतं. तोच हिशेब आपल्याकडे लावला तर येतात 65 जण. एक एसटी भरेल आणि वीसेक जण उभे राहतील, एवढेच. पण डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मुंबईच्या पारशी समाजाचा अभ्यास छापला, तर तिथे लाखात सुमारे 26. तिपटीहून जास्त! आणि जगभरातले रुग्ण मोजले तर 28 लाखांच्या वर, म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांच्या जवळजवळ साडेतीनपट.

आता त्या 65 पैकी एकाच माणसाच्या डोक्यात शिरू या, कारण डोळे फिरवणारे आकडे तिथे आहेत.

मेंदूत चेतापेशी 8,600 कोटी. 140 कोटींचा भारत घ्या आणि तो साठ वेळा एका कवटीत भरा, तरी थोडी जागा उरते. या पेशींच्या अनेक तारांवर मायलिन नावाचं वेष्टन असतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2003 मध्ये अशा वेष्टनाच्या तारांची लांबी काढली: विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत सुमारे एक लाख 76 हजार किलोमीटर, बाईच्या मेंदूत एक लाख 49 हजार. पृथ्वीला चार वेढे घालूनही पुरुषाची तार उरते! डेक्कन क्वीन रोज पुण्याहून मुंबईला जाते आणि परत येते, 384 किलोमीटर. एवढी लांबी कापायला तिला सव्वा वर्ष लागेल, एकही दिवस सुट्टी न घेता. आणि हे सगळं दीड किलोच्या आत मावलेलं.

एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हे वेष्टन कुरतडते. त्याने काय बिघडतं? वेग बघा. जाड वेष्टनाच्या तारेतून संदेश सेकंदाला 120 मीटरपर्यंत धावतो, म्हणजे ताशी 432 किलोमीटर. बारामतीहून इंदापूर, सुमारे 50 किलोमीटर, सात मिनिटांत! रेल्वेमार्गाने पुणे-मुंबई 27 मिनिटांत! आणि ज्या तारांना मुळातच वेष्टन नसतं, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. त्या चालीने इंदापूरला चौदा तास, मुंबईला दोन दिवस आणि वर पाच तास. रुग्णाच्या उघड्या पडलेल्या तारेत संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच थांबतो. म्हणून डोळ्यांपुढे अंधूक होतं, पाय जड पडतो, हाताला मुंग्या येतात, आणि आपण या माणसाला सहज ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. हे मला फार लागतं.

पण संशोधकांची चिकाटी पाहा. हा आजार सुरू कशाने होतो, या एका प्रश्नासाठी अमेरिकेत एक कोटीहून अधिक सैनिकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. एक कोटी म्हणजे बारामती-इंदापूरसारख्या बारा जोड्या. तिथल्या रक्तपेढीत नमुने 6 कोटी 20 लाख! सेकंदाला एक बाटली उचलली तर रात्रंदिवस जवळजवळ दोन वर्षं उचलत बसावं लागेल. या समुद्रातून 801 रुग्ण तपासले आणि 2022 मध्ये उत्तर छापलं: एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाली की एमएसचा धोका 32 पट. त्या 801 मध्ये विषाणूचा माग न सापडलेला माणूस निघाला एक. फक्त एक! गंमत अशी की हा विषाणू शंभरातल्या 95 प्रौढांच्या अंगात असतो, तुमच्या-माझ्याही असेल. मग लाखातल्या आठांनाच का? याच प्रश्नावर आज प्रयोगशाळा रात्री जागताहेत.

औषधांकडे वळू. 1993 पर्यंत आजाराची चाल बदलणारं एकही मान्य औषध नव्हतं, आज वीसपेक्षा जास्त आहेत. त्यातलं एक ओक्रेलिझुमॅब. 1,656 रुग्णांवर ते इंटरफेरॉन या जुन्या औषधाशी ताडून पाहिलं, तेव्हा आजाराचे झटके जवळजवळ निम्मे झाले आणि एमआरआयवर दिसणारे सक्रिय सुजेचे डाग शंभरातले 94-95 कमी. 2017 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. डोस किती? सहा महिन्यांतून एकदा, सलाइनमधून, 600 मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाएवढं वजन!

या चिमटीत रेणू किती, मोजू या. 25 लाख वेळा एक लाख कोटी. पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांना वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 31 कोटी. विश्वास बसत नाही ना? मग इंदापूरला या. समोर उजनीचा जलाशय, काठोकाठ भरलेला, 117 टीएमसी. म्हणजे 3 लाख 31 हजार कोटी लिटर, दहा लाख लिटरच्या 33 लाख विहिरी! त्यात आपला एक डोस टाका आणि तळापासून ढवळा. कुठल्याही काठावरून एक लिटर पाणी उचला, त्यात साडेसात लाख रेणू. त्या लिटरातून एक थेंब बोटावर घ्या, त्यात 37! सहा महिन्यांनी दुसरा डोस तिथेच टाका आणि पुन्हा ढवळा. थेंबाला 75!