काळ्या मातीवरचे घर : पाया आणि ओल

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीला मानवणारी काळी माती घराच्या पायाला मात्र जाचक ठरते. बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. पावसाळ्यात पाणी शोषून माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया वरखाली होतो, दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरके तडे जातात आणि दारे चौकटीत अडकू लागतात.

तडा लगेच बुजवू नये. त्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी बसवावी. ती तुटली तर हालचाल चालू आहे असे समजावे.

दुरुस्तीची सुरुवात पाणी अडवण्यापासून होते. पागोळ्यांचे आणि न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. घराभोवती सुमारे मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करावा. मोठी झाडे भिंतीपासून लांब लावावीत. पाया खचला असेल तर अभियंत्याच्या देखरेखीखाली, थोडा थोडा भाग आलटूनपालटून खोदून, खालून आधार द्यावा. सगळा पाया एकदम उघडा पाडणे धोक्याचे.

जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून धुमसावा आणि भिंतीत जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालावा. नव्या घरासाठी माती उथळ असल्यास पाया मुरमापर्यंत न्यावा. खोल असल्यास तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड काँक्रीट खांब घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने या पद्धतीवर मोठे काम केले आहे.

पाण्याचा निचरा मृगाच्या पावसाआधी नीट करून घ्यावा. तो खर्च पायाच्या दुरुस्तीपेक्षा सहसा कमी असतो.