मंगळवारचा हप्ता आणि बीपीची गोळी



दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही बीपी तपासायला बसतो. गेल्या वर्षी एक मावशी आल्या. धुणीभांडी करतात, वय पन्नाशीच्या आतबाहेर. बीपी 170 वर 110. गोळी चालू आहे का, असं विचारलं.

"चालूय की ताई. पण मंगळवारी हप्ता असतोय. वढाताण झाली की एक दिवसाआड घेते."

"अहो, गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते."

"मिळते. पण लाईनीत उभं राहिलं की दोन घरांचा खाडा पडतो. त्यो कोण भरणार?"

कर्जाची गोष्ट आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पण हप्ता जवळ आला की आधी गोळी बंद होते, मग दूध, मग झोप. बीपीची गोळी सोडली तर दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. दुखायला लागतं तेव्हा थेट लकव्यावर जातं, आणि मग त्यासाठी नवीन कर्ज.

आम्ही दुसऱ्याला सांगतो खरं, पण आम्हीही यातून गेलो आहोत. आईच्या ऑपरेशनच्या वेळी घाबरून एका खासगी दवाखान्यात पैसे भरत गेलो. नर्स असूनही महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारायचं सुचलं नाही. ते कर्ज फिटायला चार वर्षं लागली. पहिले कित्येक महिने नवऱ्यालाही खरा आकडा सांगितला नव्हता. वजन सहा किलो उतरलं, आणि लोक म्हणायचे, सिस्टर डाएटवर आहेत वाटतं!

म्हणून मावशींना आधी वही आणायला लावली. त्यांचा अंदाज होता, दीड लाखाच्या वर असेल. आम्ही एकेक देणं लिहिलं. कंपन्यांची दोन ग्रुप लोन, बाकी 26,000 आणि 18,500. सावकाराचे 10,000. नणंदेचे हातउसने 6,000. भिशीचे 5,000. किराणा 2,300. बेरीज 67,800. मावशी बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. आमच्या बाबतीत उलटं झालं होतं, बेरीज अंदाजापेक्षा जास्त निघाली होती. तरी त्या रात्री झोप लागली. न मोजलेलं कर्ज अंधारात जास्त मोठं दिसतं.

आधी कुठलं फेडायचं? हिशेब म्हणतो, व्याज जास्त ते आधी. आम्ही मात्र मावशींना किराणा आधी म्हटलं. त्या दुकानासमोरून जायला नको म्हणून त्या रोज मागच्या बोळातून फिरून कामाला जायच्या. आठवड्याला दीडशे रुपये दिले, चार महिन्यांत ते देणं संपलं आणि त्या पुढच्या रस्त्याने चालू लागल्या. उमेद यायला असं एखादं नाव वहीतून खोडावं लागतं.

मग तेच दीडशे सावकाराकडे वळवले. इथला हिशेब नीट समजून घ्या. शेकडा पाच म्हणजे दहा हजारांना महिन्याला 500, सालाला शेकडा साठ. मावशी महिन्याला 500 च देत होत्या. असं तेरा महिने दिलं तर 6,500 जातात आणि दहा हजार जसेच्या तसे उभे राहतात. महिन्याला 1,100 दिले तर पहिल्याच महिन्यात 600 मुद्दल उतरतं, पुढच्या महिन्याचं व्याज 470 होतं, आणि तेराव्या महिन्यात माणूस मोकळा. प्रत्येक वेळी मुद्दलातून वजा केल्याचं लिहून घ्यायचं. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. धमकी आली तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते.

ग्रुप लोनलाही नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने ते 2022 साली केले. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन 14448. आणि एक आपल्याच बायांना सांगायचं आहे. एखादीचा हप्ता चुकला की ग्रुपमधल्या बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. तुमचाही जीव अडकलेला असतो, कळतं. पण दारात बसून पैसे उगवत नाहीत.

खरी परीक्षा पाच-सहा महिन्यांनी येते. सुरुवातीचा जोर ओसरतो, अजून अर्धं बाकी असतं, आणि नेमका तेव्हाच एजंट येतो. मावशी, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, जुनं मिटवून नवीन पन्नास हजार काढून देतो. मावशींनी जवळजवळ अंगठा दिला होता, भाचीचं लग्न होतं. लेकाने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक मंगळवारी तो त्यावर लाल खूण करत होता, आणि त्या खुणा मोजल्यावर मावशींनी एजंटाला चहा पाजून परत पाठवलं. लग्नात मंडप आणि डीजेवर घर गहाण टाकायला बाबासाहेबांनी सांगितलेलं नाही, पण यावर आम्ही दुसऱ्या वेळी बोलू, नाहीतर राग आवरणार नाही.

सगळंच बंद करून कर्ज फेडू नका. गोळी, पोरांची अंडी आणि वह्या-पुस्तकं यांना हात लावायचा नाही. मावशींनी एका दिवसाची सुट्टी आधी सांगून महिनाभराच्या गोळ्या एकदम आणायला सुरुवात केली. बुद्ध पौर्णिमेला खीरही केली.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात अनणसुख आहे, कुणाचं थोडं वा फार देणं नसल्याचं सुख. अंगुत्तर निकायात ते आहे. कर्ज हे गरिबाचं दुःख आहे, हेही तथागतांनी सांगितलं आहे. आपल्याकडे दुःख सांगायची लाज नसते, मग कर्जाचीच का असावी? दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं कुणाचं झालं असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा फोन रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही आहे.

सावकाराचं मुद्दल आता निम्म्यावर आलं आहे. गेल्या रविवारी मावशींचा बीपी 142 वर 88 होता. अजून उतरायला हवा. ग्रुप लोनचे मंगळवार चालूच आहेत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच आहोत. गोळ्यांची पाकिटं, हप्त्याचं कार्ड आणि एक कोरी वही, तिन्ही घेऊन या.