पासवर्डातला ‘ऱ्या’

अलिबागजवळच्या किहीमच्या घरगुती निवासांत पाहुणा टेकला की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. मग यजमानांची परीक्षा सुरू होते. “कॅपिटल के, मग आय एच आय एम स्मॉल, मग ॲट द रेट, मग हॅश.” “हॅश कुठला?” “तो हो, चौकटीसारखा.” तिसऱ्यांदाही जमलं नाही की यजमान पाहुण्याचा फोनच हातात घेतात. एवढ्या खटाटोपानंतर जो पासवर्ड निघतो तो बहुधा गावाचं नाव, एकदोन चिन्हं आणि १२३ असा असतो. कुठलंही गाव घ्या, नाव तेवढं बदलतं.

चिन्ह घातलं की कुलूप मजबूत झालं, हा समज आला कुठून? अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेत बिल बर नावाचे अधिकारी होते. २००३ साली त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलणं ही शिस्त जगभर पसरली. २०१७मध्ये निवृत्त बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्या सल्ल्यातल्या बऱ्याच भागाचा आता आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियम फिरवले: चिन्हांची सक्ती नको, मुदतीने बदलायची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. आपल्याकडच्या कित्येक संकेतस्थळांवर मात्र ‘किमान एक विशेष चिन्ह’ अजून ठाण मांडून आहे.

हिशेब साधा आहे. इंग्रजी कीबोर्डावर छापण्याजोगी चिन्हं, मोकळी जागा धरून, ९५. त्यांतून यदृच्छेने आठ उचलली तर होणाऱ्या जुळण्यांपेक्षा नुसती छोटी २६ अक्षरं घेऊन बारा उचलल्यावर होणाऱ्या जुळण्या चौदापट भरतात. शिवाय माणूस चिन्ह यदृच्छेने टाकतच नाही. ए च्या जागी ॲट, एस च्या जागी डॉलर, शेवटी उद्गारचिन्ह, ही सगळी वळणं पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामांत आधीच भरलेली असतात. काही संकेतस्थळं एकीकडे चिन्ह मागतात आणि दुसरीकडे अवतरणचिन्ह किंवा कोनकंस नाकारतात. मला अशा जागी शंका येते, की पासवर्ड जसाच्या तसा साठवला जात असावा. पासवर्डावर लगेच प्रक्रिया करून त्याचा फक्त ठसा ठेवायचा असेल, तर आतलं अवतरणचिन्ह कोणाला चावणार आहे?

मग आपली देवनागरीच का वापरू नये? परक्या हॅकरला ‘ळ’ कुठून सुचणार? कल्पना मोहक आहे, पण वायफायपाशीच अडते. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असतो आणि ती चिन्हं त्या ९५ मधलीच लागतात. नेटवर्कचं नाव मराठीत चालतं, फक्त त्याला ३२ बाईटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी तीन बाईट खाते. ‘किहीम’ म्हणजे क, ऱ्हस्व वेलांटी, ह, दीर्घ वेलांटी, म, एकूण १५ बाईट. ‘किहीम किनारा’ असं ऐटबाज नाव द्यायला जाल तर ३४ होतात. दोन बाईटसाठी किनारा हुकतो.

हे यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर आखलं. याच थॉम्पसननी त्याआधी रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पासवर्डांवर काम केलं होतं. त्यावरचा त्यांचा निबंध १९७९चा. ती जुनी व्यवस्था पासवर्डाचे पहिले आठच बाईट बघायची. एका माणसाची ही दोन कामं आपल्या किहीमच्या नावावर एकत्र आणली तर गंमत होते. ‘कि’चे सहा बाईट झाले, उरले दोन. पुढच्या ‘ह’चे पहिले दोन बाईट आणि ‘न’चे पहिले दोन बाईट एकसारखेच असतात, फरक तिसऱ्यात पडतो आणि तिसरा तर कोणी बघतच नाही. म्हणजे ‘किहीम’ या पासवर्डाने बंद केलेलं खातं ‘किनारा’नेही उघडलं असतं, ‘किल्ला’नेही आणि ‘किरकोळ’नेही! आज ती पद्धत मोडीत निघाली आहे. पण १९९९मध्ये आलेली आणि अजून सर्रास वापरात असलेली बीक्रिप्ट पद्धतही ७२ बाईटांपुढे बघत नाही. इंग्रजी अक्षरांना ते ऐसपैस आहे, देवनागरीत मात्र काना-मात्रा धरून २४ खुणांतच संपतं.

याहून बेरकी अडचण खास मराठीची आहे. ‘किनाऱ्यावर’ लिहा. त्यातला ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचा शून्य रुंदीचा अदृश्य सांधा. ही दुसरी वाट युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाने, जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्या’ सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. फोनच्या कीबोर्डाने पहिली वाट धरली आणि लॅपटॉपच्या कीबोर्डाने दुसरी, की पासवर्ड बरोबर असूनही चूक. त्यातही पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला, त्यामुळे दिसतही नाही. ‘ॲ’ची कथा तशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत, आजही काही कीबोर्ड तेच करतात.

युनिकोडमध्ये अशा जुळ्यांना एका रूपात आणण्याची सोय आहे आणि २०१७च्या नियमांत निस्टने ती वापरायलाही सांगितलं. नुक्ता वेगळा टाइप केलेला ‘ऱ’ आणि सलग ‘ऱ’ त्यातून एक होतात. पण अदृश्य सांध्याचा ‘ऱ्या’ किंवा चंद्र जोडलेला ‘ॲ’ त्या चाळणीतून वेगळाच राहतो. मराठीची ही दोन अक्षरं नेमकी तिथेच निसटतात. मराठी कीबोर्डावरून टाइप केलेला १ आणि इंग्रजी कीबोर्डावरचा एक हेही वेगळेच. म्हणून माझं मत असं, की पासवर्डाच्या रकान्यात देवनागरी अक्षरं टाकू नयेत. हॅकर अडेल न अडेल, अलिबागच्या सायबर कॅफेत घाईने फॉर्म भरताना आपण नक्की अडू.

मराठीचा उपयोग मात्र दुसऱ्या रीतीने होतो. ज्यांना इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड येतो त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवावा आणि बोटं मराठीत चालवावीत. ‘किहीम’ लिहायला गेलात की के, एफ, यू, आर, सी अशी अक्षरं उमटतात. ‘किनाऱ्यावर’ला तर के, एफ, व्ही, ई, कॅपिटल जे, डी, तिरकी रेघ, ई, बी, जे. मोठं अक्षर आलं, विशेष चिन्ह आलं, तेही ‘ऱ’ शिफ्टवर आणि ‘य’ तिरक्या रेघेच्या कळीवर असल्यामुळे, आपोआप. एखादा आकडा टाकला की हट्टी संकेतस्थळही गप्प बसतं. फोनवर मात्र ही युक्ती त्रास देते, कारण तिथे बोटांना जागा पाठ नसतात.

ही युक्ती एकट्या शब्दावर वापरली तर ती युक्ती राहत नाही. तैवानमध्ये लोक चिनी उच्चारांच्या कीबोर्डाने असंच करतात. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या फुटलेल्या पासवर्डांच्या संग्रहात एक निरर्थक दिसणारी अक्षर-आकड्यांची माळ शंभराहून अधिक वेळा आढळली, तेव्हा २०१९मध्ये जगाला नवल वाटलं. तैवानी कीबोर्डावर तिचा अर्थ ‘माझा पासवर्ड’ असा होतो. तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. त्यांत पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी किहीमला सुगरणीचा अभ्यास केला होता म्हणून ‘सुगरण’ नको, बंगल्याचं नाव नको, नातवाचंही नको. आणि ‘किनाऱ्यावर’ आता इथे छापून आलं, तेव्हा तेही बाद.