चतुर ओळखायचा कसा?

पाऊस उघडला की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या शेतांवर, पैनगंगेकाठी पिवळसर चतुरांचे थवे तरंगतात. हे बहुधा ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’, समुद्र ओलांडणारे प्रवासी चतुर. मी साहित्याची विद्यार्थिनी. कवितेत नुसतं ‘चतुर’ म्हटलं तरी भागतं. पण मोबाइलमधल्या फोटोतला चतुर नेमका कोणता, हे कसं ठरवायचं?

आधी बघायचं, चतुर की टाचणी? चतुर पंख पसरून बसतो. डोळे मोठे, बहुधा एकमेकांना टेकलेले. टाचणी सडपातळ; तिचे डोळे दोन बाजूंना आणि पंख बहुतेक वेळा पाठीवर मिटलेले.

इथपर्यंत सोपं आहे. पुढे आपण रंगाकडे धावतो, आणि रंगच फसवतो. तळ्याकाठचा लालभडक ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’ हा नर. त्याची मादी पिवळसर, आणि कोवळा नरही पिवळसरच! गटारावर दिसणारा ‘ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा’चा नारिंगी नर दुरून लालच वाटतो. पण त्याच्या पंखांचा बराच भाग नारिंगी असतो. क्रोकोथेमिसचे पंख फक्त बुडाशी तांबूस.

म्हणून रंगाआधी ठेवण पाहा. पंखाच्या टोकाजवळ एक छोटा ठिपका असतो. भिंतीला, खडकाला चिकटून बसणाऱ्या करड्या ‘ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा’चा हा ठिपका मधे काळा आणि दोन्ही टोकांना पांढरा. छातीवरचे पट्टे कडेने दिसतात. आपण जिला शेपटी म्हणतो ते खरं तर पोट. त्याच्या दुसऱ्या खंडाखाली फुगवटा दिसला, तर तो नर. त्यामुळे किमान दोन फोटो हवेत: एक वरून, एक कडेने. मी सकाळी, ऊन तापायच्या आत जाते. तेव्हा ते फारसे हलत नाहीत. तारीख आणि जागा लगेच लिहून ठेवते. मग के. ए. सुब्रमणियन यांच्या द्वीपकल्पीय भारतातल्या चतुरांवरच्या २००५ च्या पुस्तकाशी ताडून पाहते.

तरीही जुळलं नाही तर? ‘ऑर्थेट्रम, जात नक्की नाही’ एवढं लिहून थांबायचं. चतुराचं बालपण पाण्यात जातं. उद्या ते डबकं बुजलं, तर तिथे कोण राहत होतं याचा पुरावा म्हणजे तुमचा फोटो. ओढूनताणून नाव चिकटवलं, तर तो पुरावाच खोटा ठरेल.