सर्व्हरांमधील भारवाटप

यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारात हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या निरनिराळ्या काट्यांकडे ज्या विवेकाने धाडाव्या लागतात, तोच विवेक १९९८ साली वेनसाँग झांग यांनी आरंभिलेल्या, येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणाऱ्या ‘लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर’ या योजनेच्या मुळाशी आहे. आळीपाळीने काम देणे ही सोपी रीत खरी; परंतु एका गाडीत दोन क्विंटल आणि दुसरीत वीस असतील, तर ज्या काट्यापुढे त्या क्षणी सर्वांत कमी गाड्या उभ्या आहेत, तिकडेच नवी गाडी वळविणे मला अधिक न्याय्य वाटते. आणि वाटप करणारा सर्व्हरच बंद पडला तर? त्यासाठी असलेल्या ‘कीपअलाइव्हड’ या आज्ञावलीच्या व्यवस्थेत मुख्य सर्व्हर सामान्यतः दर सेकंदास आपल्या हयातीची वर्दी देतो; ती तीन-चार सेकंद आली नाही, की राखीव सर्व्हर त्याचाच पत्ता धारण करून कारभार हाती घेतो.